यंत्राच्या कोटेशनआधी बारा महिन्यांचा हिशेब

सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत काजूचा छोटा कारखाना काढायचे ठरले की पहिली चौकशी यंत्रांची होते. बॉयलर केवढ्याला पडेल, कटर हाताने चालवायचे की स्वयंचलित, ड्रायरला लाकूड लागेल की वीज, हे विचारून कोटेशने मागवली जातात. जागा बघून होते, थ्री-फेजच्या जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज जातो. मग कोणीतरी सांगते, बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट लागेल. तो ओळखीच्या माणसाकडून दोन दिवसांत तयार होतो. त्यात पाच वर्षांची विक्री दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढत जाते, नफाही तसाच वाढतो आणि शेवटच्या पानावर सही होते. ज्याने सही केली त्याने तो अहवाल अनेकदा पूर्ण वाचलेलाही नसतो.

हा क्रम उलटा आहे. लहान उद्योगाचा आराखडा हा कर्जाच्या अर्जाला जोडायचा कागद नव्हे. धंदा करायचा की नाही, केवढा करायचा आणि कोणत्या रूपात सुरू करायचा, हे ठरवण्याचे ते साधन आहे. यंत्रे घेतल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो, कारण तोवर निम्मी उत्तरे यंत्रांनीच देऊन टाकलेली असतात.

हे नीट समजावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ, काजू प्रक्रियेचे. पापड, मसाला, डाळ मिल, गारमेंट किंवा फॅब्रिकेशन यांचे आकडे वेगळे असतील. प्रश्न तेच राहतील. खाली दिलेले दर आणि खर्च हिशेबाची रीत कळावी म्हणून गोल करून घेतले आहेत. ते खोडून त्या जागी आपल्या गावचे आणि आपल्या हंगामाचे आकडे घालायचे.

धंदा एका पानात मांडा

आराखड्याचे पहिले पान म्हणजे साध्या भाषेत सांगितलेला धंदा. काय विकणार, कोणाला, कोणत्या भावाने, माल कुठून येणार आणि पैसे कधी मिळणार, एवढे त्यात यावे. ‘उत्तम दर्जाची उत्पादने माफक दरात पुरवणे’ अशा वाक्यांतून बँकेच्या अधिकाऱ्याला काही कळत नाही आणि स्वतःलाही कळत नाही.

काजूचे पान असे होईल: आम्ही वर्षाला ४० टन वाळलेली काजू बी घेऊ. ती वाफवून, फोडून, गर सुकवून, साल काढून आणि प्रतवारी करून १० टन गर काढू. वर्षाचे २५० दिवस काम चालेल, म्हणजे रोज १६० किलो बी. बहुतेक गर घाऊक व्यापाऱ्याला आणि थोडा पाकिटांतून थेट ग्राहकाला विकू. टरफल तेल काढणाऱ्यांना देऊ.

या पाच वाक्यांत एक आकडा सगळ्यात मोलाचा आहे: ४० टनांतून १० टन, म्हणजे २५ टक्के उतारा. प्रत्येक धंद्यात असा एक आकडा असतो आणि नफा-तोटा त्याच्यावर ठरतो. डाळ मिलमध्ये तो डाळीचा उतारा, शिवणकामात एका मशीनवर दिवसाला निघणारे नग, खानावळीत रोज उठणारी ताटे. आपल्या धंद्यातला हा आकडा ओळखणे ही आराखड्याची खरी सुरुवात आहे.

काजूचा उतारा जातीवर, बीच्या ओलाव्यावर आणि कामगारांच्या हातावर अवलंबून असतो. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून आलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींमध्ये गराचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. पण बाजारात मिळणारी बी अनेक बागांची मिसळ असते. तिच्यात पोकळ आणि किडकी बी निघते, गावठी झाडांचीही येते. म्हणून संशोधन केंद्राचा आकडा आपल्या तक्त्यात तसाच उतरवून चालत नाही. आपण जिथून खरेदी करणार तिथली शंभर किलो बी मजुरी देऊन एखाद्या चालू कारखान्यात फोडून घ्यावी आणि किती गर निघाला ते तोलावे. अशा एका चाचणीने आराखड्याला जो पाया मिळतो, तो वीस पानांच्या छापील माहितीने मिळत नाही.

विक्रीचा आकडा प्रतवारीतून येतो

काजूगराला एकच भाव नसतो. आख्ख्या गराची प्रत एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात यावरून ठरते. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३२०पर्यंत गर, डब्ल्यू-२४० म्हणजे २४०पर्यंत. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव चढा. त्याखाली पाकळी, मग तुकडा, मग कणी. फोडणीत किंवा सोलणीत हात बसलेला नसेल तर उतारा तोच राहतो, पण आख्ख्याचे तुकडे होतात आणि सरासरी भाव घसरतो. नव्या कारखान्याचे पहिले काही महिने असेच जातात. पहिल्या वर्षाचा सरासरी भाव जुन्या कारखान्यांच्या भावापेक्षा कमी धरणे म्हणूनच शहाणपणाचे.

आपण सर्व प्रतींचा सरासरी घाऊक भाव किलोला ६८० रुपये धरू. १० टन गराचे ६८ लाख आणि टरफलाचे अडीच लाख, मिळून वर्षाची विक्री ७० लाख ५० हजार.

आता ‘कोण घेणार’ हा प्रश्न. ‘काजूला सगळीकडे मागणी आहे’ हे खरे असले तरी त्यावर आराखडा उभा राहत नाही. भारतातले कारखाने आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा देशांतून मोठ्या प्रमाणावर कच्ची बी आणतात. वाशीच्या किंवा कोल्हापूरच्या व्यापाऱ्यासमोर आपला गर त्या मालाशेजारी ठेवला जाणार आणि भाव व्यापारीच सांगणार. आराखड्यात तीन-चार खऱ्या खरेदीदारांशी झालेले बोलणे लिहावे: नमुना दाखवला का, त्यांनी कोणती प्रत किती मागितली, भाव काय सांगितला, पैसे किती दिवसांनी देतात.

थेट विक्रीत किलोमागे जास्त पैसे मिळतात. मालवण, गणपतीपुळे किंवा गोव्याच्या वाटेवर पर्यटक काजू विकत घेतात, मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांकडून दिवाळीला मागणी येते. पण पाकीट, लेबल, कुरिअर, दुकानदाराचे कमिशन आणि न खपलेला माल यांचा खर्चही त्यातच आहे. सगळे वजा जाता किलोमागे १५० रुपये जास्त सुटतात असे धरले आणि एक टन गर थेट विकला, तर वर्षाला दीड लाखाची भर पडते. ही भर चांगली असली तरी पहिल्या वर्षाच्या हप्त्यांचा भरवसा तिच्यावर ठेवू नये. मुख्य हिशेब घाऊक भावाने करावा.

पैसा यंत्रांत कमी, बीमध्ये जास्त

भांडवलाचे दोन भाग असतात. यंत्रे, वीजजोडणी, शेडची दुरुस्ती, वजनकाटे यांत जाते ते स्थिर भांडवल. कच्चा माल, मजुरी, उधारीवर दिलेला माल यांत सतत फिरत राहते ते खेळते भांडवल. आपल्या उदाहरणात स्थिर भांडवल १२ लाख धरू: ३ लाख स्वतःचे आणि ९ लाख मुदत कर्ज.

खेळत्या भांडवलात काजूचा धंदा आपले खरे रूप दाखवतो. बी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत येते. पावसाळा सुरू झाला की स्थानिक चांगली बी संपते किंवा साठवणाऱ्याच्या भावाने घ्यावी लागते. गर मात्र बाराही महिने विकायचा असतो. म्हणजे वर्षभराची खरेदी तीन महिन्यांत. किलोला १३० रुपये धरले तर ४० टनांचे ५२ लाख होतात, यंत्रांच्या चौपटीहून जास्त. यंत्रांच्या कोटेशनवर महिनाभर खल करणारा माणूस या ५२ लाखांबद्दल ‘सीसी (कॅश क्रेडिट) मिळेल’ एवढेच म्हणून पुढे जातो. लहान उद्योग नेमके इथे अडकतात.

बँका लहान उद्योगाचे खेळते भांडवल बहुधा एका ठोकताळ्याने मोजतात. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशींतून आलेली ही पद्धत आहे. अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के रक्कम ही खेळत्या भांडवलाची गरज धरायची; त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे. आपली उलाढाल ७० लाख ५० हजार. म्हणजे बँकेकडून सुमारे १४ लाख १० हजार, स्वतःचे साडेतीन लाख, मिळून साधारण १७ लाख ६० हजार. ज्या धंद्यात माल दर महिन्याला येतो आणि जातो, तिथे हे पुरते. हंगामी धंद्यात पुरत नाही. किती कमी पडते ते वार्षिक ताळेबंदात दिसत नाही. त्यासाठी महिन्यांचा तक्ता मांडावा लागतो.

बारा रकाने

कागद आडवा धरा आणि वर मार्च ते फेब्रुवारी असे बारा रकाने आखा. पहिल्या ओळीत महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक. त्याखाली हातात येणारा पैसा, त्याखाली हातातून जाणारा पैसा, शेवटी महिनाअखेरची शिल्लक. बिल केले त्या महिन्यात विक्री लिहायची नाही. पैसे खात्यात जमा होतील त्या महिन्यात लिहायची. या एका नियमाने तक्ता खरा होतो.

मार्चमध्ये १० टन बी घेतली: १३ लाख. एप्रिलमध्ये १६ टन: २० लाख ८० हजार. मेमध्ये १४ टन: १८ लाख २० हजार. मजुरी, सरपण, वीज, पॅकिंग, भाडे असा खर्च वर्षाला ११ लाख धरला तर महिन्याला ९० हजारांच्या आसपास, तीन महिन्यांचे पावणेतीन लाख. मेअखेरपर्यंत एकूण जावक पावणेपंचावन्न लाख. आवक काय? महिन्याला सुमारे पाच लाख नव्वद हजारांचा माल निघतो. व्यापारी महिन्याने पैसे देत असेल तर मेअखेरपर्यंत दोनच महिन्यांचे, म्हणजे पावणेबारा लाखांच्या आसपास जमा होतात. उरलेला खड्डा ४३ लाखांचा. बँकेच्या ठोकताळ्याने मिळणारे भांडवल साडेसतरा लाखांच्या घरात. तूट २५ लाखांची.

वार्षिक हिशेबात हाच धंदा नफ्यात दिसतो, आणि मे महिन्यात त्याच्या खात्यात बी उचलायला पैसे नसतात. अशा वेळी माणूस खासगी सावकाराकडे जातो, शेतकऱ्याचे पैसे थकवतो किंवा बी न मिळाल्याने ऑक्टोबरपासून यंत्रे झाकून ठेवतो. यातल्या प्रत्येक गोष्टीची सूचना बारा रकान्यांनी आधीच दिलेली असते.

ऋतूचा रकाना विसरला की काय होते याचे एक प्रसिद्ध उदाहरण गिरगावात घडले. १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढची ‘लिज्जत’. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम थांबवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी, अशी वाळवणाची सोय करून पावसाळ्यातही काम सुरू ठेवले. अडचण मोठी असली तरी उपाय स्वस्त होता. आजच्या उद्योजकाने अशी अडचण पहिल्या पावसाच्या आधी कागदावर पाहावी, कारण कर्जाचा हप्ता चार महिने थांबत नाही.

तक्त्यात आणखी काही बारीक ओळी लागतात. नोंदणीकृत उद्योजक शेतकऱ्याकडून कच्ची काजू बी घेतो, तेव्हा तिच्यावरचा जीएसटी शेतकऱ्याने नव्हे, खरेदीदारानेच भरायचा असतो. त्याची वजावट पुढे मिळते, पण पैसा आधी जातो. विमा, बारदान, मुख्य यंत्राची वार्षिक दुरुस्ती, दिवाळीचा बोनस यांचेही ठरलेले महिने असतात.

उधारीचा रकाना तर निर्दयपणे भरावा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य असते आणि हा हक्क बजावताना ती कामी येते. पण नवा कारखानदार आपल्या एकुलत्या मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार करायला धजत नाही. म्हणून कायद्याचा मान राखून तक्त्यात मात्र साठ दिवसांची उधारी धरून एकदा हिशेब करून पाहावा.

नफा, हप्ता आणि मालकाची मजुरी

आता वार्षिक हिशेब. बी ५२ लाख. फोडणी, सोलणी, प्रतवारीची मजुरी बीच्या किलोला २० रुपयांप्रमाणे ८ लाख. सरपण, वीज, पॅकिंग, वाहतूक किलोला ४ रुपयांप्रमाणे १ लाख ६० हजार. भाडे, विमा, परवाने असा स्थिर खर्च १ लाख ४० हजार. एकूण ६३ लाख. विक्री ७० लाख ५० हजार. शिल्लक साडेसात लाख. दोन्ही कर्जांचे मिळून व्याज ३ लाख ४० हजार, यंत्रांचा घसारा दीड लाख. निव्वळ नफा २ लाख ६० हजार, करापूर्वीचा.

यातून दोन गोष्टी काढायच्या. पहिली, ना नफा ना तोटा बिंदू. एक किलो बीमागे विक्री १७६ रुपये २५ पैसे होते. बी, मजुरी आणि इतर बदलता खर्च १५४ रुपये. उरतात २२ रुपये २५ पैसे. भाडे, विमा, व्याज, घसारा हे न टळणारे खर्च मिळून ६ लाख ३० हजार. त्याला सव्वाबावीसने भागले की उत्तर २८ टनांच्या थोडे पुढे जाते. म्हणजे वर्षाला २८ टन बी फोडेपर्यंत कारखाना स्वतःचा खर्चच भरून काढतो.

दुसरी, कर्जफेडीची ताकद, बँकेच्या भाषेत डीएससीआर. निव्वळ नफा, घसारा आणि मुदत कर्जाचे व्याज यांची बेरीज करायची आणि तिला वर्षाचा हप्ता अधिक त्याचे व्याज यांनी भागायचे. ९ लाखांचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे तर वर्षाला मुद्दल १ लाख ८० हजार, व्याज सुमारे ९० हजार. म्हणजे ५ लाख भागिले २ लाख ७० हजार, उत्तर १.८५. बँकेला सरासरी दीडच्या आसपास उत्तर हवे असते, तेव्हा कागद उत्तम दिसतो.

पण या हिशेबात मालकाचा पगार नाही. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत शेडमध्ये उभा असलेला माणूस आणि प्रतवारीला बसलेली त्याची पत्नी यांचे घर कशावर चालणार? महिन्याला फक्त १५ हजार रुपये घरी नेले तरी वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. ते वजा केल्यावर १.८५ चे १.१९ होते आणि ना नफा ना तोटा बिंदू २८ टनांवरून ३६ टनांवर चढतो. आपल्या कुटुंबाच्या श्रमाची किंमत शून्य धरणारा आराखडा खोटा असतो, आणि त्या खोटेपणाची भरपाई घरातली माणसे करतात. पहिली दोन वर्षे घरखर्च बागेच्या उत्पन्नातून किंवा दुसऱ्याच्या नोकरीतून चालणार असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. ती उद्योगाला मिळालेली मदतच आहे.

वाईट वर्षाची चाचणी

मोहोरावर ढेकण्या पडला, ऐन मोहोरात धुके आले किंवा अवकाळी पाऊस झाला की बीची आवक घटते आणि भाव चढतो. आयात वाढली की गराचा भाव पडतो. हे अपवाद नव्हेत. पाच वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत यातले काहीतरी होणारच. म्हणून प्रत्येक महत्त्वाचा आकडा एकेक करून बिघडवून पाहायचा.

उतारा २५ वरून २४ टक्क्यांवर आला तर ४०० किलो गर कमी, म्हणजे २ लाख ७२ हजारांचे नुकसान. एका टक्क्यात वर्षाचा सगळा नफा गेला आणि मालकाने एक रुपया घरी न नेताही हप्ता पुरा निघत नाही. बी किलोला पाच रुपयांनी महागली तर दोन लाख गेले. गराचा भाव पाच टक्क्यांनी उतरला तर ३ लाख ४० हजार. या चाचणीने धंद्याची नाडी कळते: या कारखान्यात यंत्राचा ब्रँड दुय्यम आहे. बी पारखून घेणारा माणूस, ती नीट वाळवून कोरड्या जागी ठेवणारे गोदाम आणि सोलणीला बसणारे सरावलेले हात यांवर तो जगणार आहे. मग पैसाही तिथेच घालायला हवा. गोदामाची फरशी आणि कामगारांचे प्रशिक्षण यांच्या ओळी स्थिर भांडवलात वर सरकतात.

आराखडा धंद्याचे रूप बदलतो

एवढे कळल्यावर दोन वाटा उरतात. पहिली, बारा रकान्यांचा तक्ता घेऊन बँकेत जायचे, गरज हंगामी आहे हे दाखवायचे आणि मार्च ते मेसाठी वाढीव मर्यादा मागायची. नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज घेण्याचाही मार्ग आहे. पण नव्या उद्योजकाला पहिल्याच वर्षी ४३ लाख मिळणे अवघड, आणि मिळाले तरी भाव उलटल्यास ते पेलणे त्याहून अवघड.

दुसरी वाट म्हणजे धंद्याचा आकार बदलणे. स्वतःची बी ४० ऐवजी १६ टनच घ्यायची. त्या प्रमाणात मेअखेरचा खड्डा ४३ लाखांवरून सव्वासतरा लाखांवर येतो. उलाढाल घटल्याने ठोकताळ्याने मिळणारी रक्कमही घटते, म्हणून इथेही तक्ता दाखवून हंगामी मर्यादा मागावी लागते, पण ती ४३ लाखांच्या मानाने आवाक्यातली असते. पण १६ टन हे ना नफा ना तोटा बिंदूच्या खूप खाली आहे. म्हणून उरलेल्या २४ टनांची क्षमता दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून देण्यासाठी वापरायची. किलोला ३५ रुपये मजुरी आणि २४ रुपये खर्च धरला तर ११ रुपये सुटतात. २४ टनांचे २ लाख ६४ हजार. स्वतःच्या १६ टनांचे ३ लाख ५६ हजार. मिळून ६ लाख २० हजार. खेळत्या भांडवलाचे व्याज आता एक लाखावर येते, त्यामुळे न टळणारे खर्च ४ लाख ८० हजार. नफा १ लाख ४० हजार.

नफा कमी झाला, पण वाईट वर्षात काय होते ते पाहा. उतारा एक टक्क्याने घसरला तर नुकसान फक्त १६ टनांवर होते, १ लाख ९ हजारांचे, आणि हप्ता जेमतेम का होईना निघतो. मजुरीच्या कामात बीच्या भावाची जोखीम मालाच्या मालकाची असते. शिवाय वर्षभरात कामगारांचा हात बसतो, व्यापाऱ्याला आपला गर कळतो, बँकेला खाते दिसते. पुढच्या वर्षी २४ टन, त्याच्या पुढच्या वर्षी ३५. पहिल्या दिवशी ४० टनांचे स्वप्न घेऊन बसलेल्या माणसाला आराखड्याने दाखवलेली ही पायरी आहे. तयार नमुन्यात नावे बदलून केलेला अहवाल अशी पायरी कधीच दाखवू शकत नाही, कारण त्याला हो म्हणण्यापलीकडे काही येत नाही.

योजना आणि अनुदान

सरकारी योजनांचा लाभ अवश्य घ्यावा. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांवर नेण्यात आली. सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाला १० आणि विशेष गटांना ५ टक्के. २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरले. तारण नसेल तर २००० साली केंद्र सरकार आणि सिडबी यांनी उभारलेल्या सीजीटीएमएसई या हमी न्यासाचे संरक्षण बँक घेऊ शकते. त्याची फी तक्त्यात धरावी. मुदती आणि अटी बदलत असल्याने जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी विभागात ताजी चौकशी करूनच आकडे लिहावेत.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अनुदान हाती पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत वेगळे ठेवले जाते आणि कारखाना चालू असल्याची खातरजमा झाल्यावर कर्जात वळते होते. त्याने कर्ज हलके होते, पण मे महिन्यात बी घ्यायला त्याचा उपयोग नाही. म्हणून हिशेब दोनदा करावा, एकदा अनुदान धरून आणि एकदा न धरता. अनुदान न धरता जो धंदा तगत नाही, तो अनुदानासाठी सुरू करू नये.

लिहिताना

आराखडा पंधरा-वीस पानांत बसतो. पहिले पान सारांशाचे, पण ते सगळ्यात शेवटी लिहावे. मग उद्योजकाची ओळख: शिक्षणाइतकाच अनुभवही लिहा, दुसऱ्याच्या कारखान्यात एक हंगाम काम केले असेल तर ते पदवीपेक्षा जास्त वजनाचे ठरते. त्यानंतर माल आणि प्रक्रिया, बाजार, यंत्रे आणि जागा, माणसे, परवाने, भांडवल, बारा रकाने, नफा-तोटा, वाईट वर्षाची चाचणी. सोबत तीन-तीन कोटेशने, भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, एफएसएसएआय नोंदणी किंवा परवान्याची तयारी, खरेदीदारांची पत्रे. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते एका ओळीत लिहावे: कोणत्या बाजारातला भाव, कोणत्या महिन्यातला, कोणी सांगितलेला. बँकेतला अनुभवी अधिकारी अशा अहवालाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, कारण तो लिहिणारा प्रश्नांना उत्तरे देऊ शकतो.

ताळेबंदाची मांडणी, कर, गुणोत्तरे यांसाठी सीएची मदत जरूर घ्यावी. पण उतारा, भाव, उधारीचे दिवस, मजुरीचा दर हे आकडे आपणच जमवलेले असावेत. ते कोणी विकत आणून देऊ शकत नाही.

कारखाना सुरू झाला की आराखडा कपाटात ठेवू नये. दर महिन्याच्या पाच तारखेला तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली प्रत्यक्ष आकडा वेगळ्या शाईने लिहावा. उतारा दोन महिने सलग खाली असेल तर कारण तिसऱ्या महिन्याआधी शोधता येते: बी ओली होती, वाफ कमी पडली की सोलणीत नवे हात आले. वर्षाच्या शेवटी ताळेबंदात तोच तोटा दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

नोकरी सोडून, दागिने गहाण ठेवून किंवा वडिलोपार्जित जमीन तारण देऊन धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला माझे एवढेच सांगणे आहे. यंत्राचा ॲडव्हान्स देण्याआधी महिनाभर थांबा. शंभर किलो माल स्वतःच्या डोळ्यांसमोर तयार करून तोला, चार खरेदीदारांना भेटा आणि बारा रकाने स्वतःच्या हाताने भरा. तक्ता ‘लहान सुरू कर’ म्हणाला तर लहान सुरू करा. ‘यंदा नको’ म्हणाला तर त्याचे ऐका. तुमचे लाखो रुपये वाचले.